आलेखातली सपाट रेघ

तिने स्पेसबार दाबला. तिच्या माहितीपटातल्या आजींनी पडद्यावर तोंड उघडलं आणि चेहरा तसाच गोठला, आवाज मात्र पुढे निघून गेला. मग चित्र मधल्या फ्रेम गाळत आवाजामागे धावलं. "बघितलंस ना ताई? उत्तर देण्याआधी त्या आवंढा गिळतात. तो आवंढा संपतो तिथे मला कट हवाय, आणि ती जागाच हाती लागत नाही."

एडिटिंगची मशीनं जोडून देणं हे माझं काम. हिचंही मीच जोडलं होतं. इंटेलचा आय७-६७००के प्रोसेसर, झेड१७० चिपसेटचा बोर्ड (चिपसेट म्हणजे बोर्डवरची नियंत्रक चिप), ६४ जीबी डीडीआर४ रॅम आणि नंतर घातलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर २०१५ सालचा, चार कोअर म्हणजे काम करणारे चार गाभे, आठ थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे आठ धागे. इतकी वर्षं त्याने कुरकुर न करता काम केलं. या माहितीपटासाठी नवा कॅमेरा आला आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिप मांडायची पट्टी, अडखळायला लागली.

त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसेल का, हे तिने आधी विचारलं. यात भले भले फसतात. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं, म्हणजे तो बसतो त्या जागेचं, नावही एलजीए११५१ च आहे, पण १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर (झेड१७० त्यातलाच) ते प्रोसेसर चालत नाहीत. सातव्या पिढीपर्यंत जाता आलं असतं, पण तिथला आय७ सुद्धा चारच कोअरचा. म्हणजे बोर्ड बदलणं आलंच.

माझी यादी तयार होती. आय७-१२७००एफ, बारा कोअर, वीस थ्रेड. शेवटचा 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड असताना आतलं कशाला, असा माझा सरळ हिशेब. ऑर्डर त्याच दुपारी जायची होती.

उठण्याआधी मी मशीनचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला आणि तिला तीच क्लिप परत चालवायला सांगितली. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, हे अपेक्षितच. पण कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड' (क्लिप उलगडणं) नावाचा जो छोटा आलेख असतो, तो तळाला चिकटलेली सपाट रेघ. शून्य. एवढं कार्ड आणि क्लिप उलगडण्यात त्याचा काडीचा हात नव्हता.

क्लिपची माहिती काढली: एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), १० बिट, ४:२:२. मी पुन्हा खुर्चीत बसले.

आपण नेहमी बघतो ते व्हिडिओ बहुतेक ४:२:० असतात. त्यात चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाचा एकच नमुना असतो. ४:२:२ मध्ये तो दुप्पट, शिवाय १० बिट म्हणजे दर चॅनेलला २५६ ऐवजी १०२४ छटा. रंगकाम करणाऱ्यासाठी हे सोनं आहे. पण ३०६० कार्डातला डीकोडर ४:२:२ उलगडतच नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. त्यात एचईव्हीसीच्या फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात. एक फ्रेम मागे जायचं तर आधीच्या कित्येक उलगडाव्या लागतात. म्हणूनच उलटं सरकवताना तिचा हात जास्त अडत होता.

बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये, म्हणजे १२७०० मध्येही, हे काम करणारं खास सर्किट आहे, क्विक सिंक. ते असतं कुठे? आतल्या ग्राफिक्समध्ये. म्हणजे जे नको म्हणून मी 'एफ' घेणार होते, नेमकं तेच हवं होतं. एएमडीचा सोळा कोअरचा ५९५०एक्सही माझ्या डोक्यात होता. कोअर जास्त, एक्स्पोर्टला, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढायला, दणकट, पण त्यातही आतलं ग्राफिक्स नाही. कोअर मोजून प्रोसेसर निवडायची सवय आम्हा जोडणाऱ्यांना फार, आणि ती मला त्या दिवशी मनापासून खटकली.

"प्रॉक्सी केल्या तर?" तिने विचारलं. प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती. मशीन बदलणं शक्य नसतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण फुटेज रोज येत होतं आणि प्रॉक्सी तयार होण्यात रोजची रात्र गेली असती.

यादीतला 'एफ' खोडला. साधा १२७०० ठरला.

बोर्ड डीडीआर४ चाच निवडला, म्हणजे ६४ जीबी रॅम वाया जाणार नव्हती. पण सगळ्यात स्वस्त बोर्ड मी घेऊ दिला नाही. हा प्रोसेसर जोरात असताना १८० वॉटपर्यंत ओढतो. त्याला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर उष्णता ओढून घेणारा हीटसिंक नसेल, तर तासभराच्या एक्स्पोर्टमध्ये तो भाग तापतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. मॅन्युअलही आधी वाचून काढलं. एका बोर्डवर एम.२ च्या (पट्टीसारख्या छोट्या ड्राइव्हच्या) ठरावीक स्लॉटमध्ये ड्राइव्ह घातला की साटाचं, म्हणजे केबलने डिस्क जोडायचं, एक पोर्ट बंद पडत होतं, आणि हिच्या चारही साटा डिस्क भरलेल्या. तो बोर्ड बाद. जुना कूलर चालणार होता, पण त्याची पकड बदलावी लागली, कारण बोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालं आहे.

तिसऱ्या दिवशी जोडणी केली. सॉकेटची दांडी दाबताना कर्र आवाज होतो, तेव्हा अजूनही माझा श्वास अडकतो. खालची एक पिन वाकली तरी बोर्ड गेला. विंडोज सुरू झालं. तिने तीच क्लिप लावली.

आधीपेक्षा बरी चालली, पण उलटं सरकवताना तोच झटका. ती काही बोलली नाही. तिचा चेहरा बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

टास्क मॅनेजरमध्ये एकच जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, दिसत होता. तेव्हा उलगडा झाला: वेगळं कार्ड लावलेलं दिसलं की पुष्कळ बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन आतलं ग्राफिक्स जागं ठेवणारं आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू केलं, ड्रायव्हर टाकला, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये इंटेलच्या डीकोडिंगवर टिक केली. आता दोन जीपीयू दिसत होते.

क्लिप लागली. नव्या जीपीयूच्या डीकोडच्या आलेखात रेघ उठली आणि वरच राहिली. तिने प्लेहेड मागे ओढला, पुढे नेला, परत मागे. आजींचा गळा खाली-वर होताना फ्रेम-फ्रेमने दिसत होता. ओठ उघडण्याच्या बरोबर आधी ती थांबली आणि कट मारला.

मी स्क्रू डबीत भरत होते. "ताई, हे ऐक जरा," ती म्हणाली, आणि आवाज वाढवून तिने ते उत्तर सुरुवातीपासून लावलं.