तुम्ही विचारलंत म्हणून: जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर काय शिकावं लागतं?

"प्राण्यांची खूप आवड आहे. डॉक्टर व्हायचं राहून गेलं, पण व्हेटकडे असिस्टंट-कम-रिसेप्शनिस्ट व्हायचं तर काय शिकावं लागतं?" हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच. आवडीबद्दल मी काही बोलत नाही, कारण या कामाला येणाऱ्या प्रत्येकाकडे ती असतेच. शिकावं लागतं ते नेमकं बघायला, नेमकं ऐकायला आणि पदरचं काही न घालता डॉक्टरांना सांगायला. टेबलापाशी कुत्रं धरा नाहीतर काउंटरवर फोन घ्या, काम हेच. बहुतेकांना वाटतं, खरं काम आत आणि फोन म्हणजे नुसत्या वेळा देणं. माझं मत उलटं आहे. फोन जास्त अवघड आहे.

फोन येतो: "मांजराला कालपासून शी होत नाहीये. सारखं वाळूत जाऊन कुंथतंय. उद्या संध्याकाळची वेळ आहे का?" नवशिका वही उघडून उद्याची वेळ देतो. शिकलेला माणूस आधी विचारतो, बोका की भाटी? वाळूत लघवीचे गोळे दिसले का? बसल्यावर ओरडतो का, खालची जागा सारखी चाटतो का? बोका असेल आणि लघवीचा पत्ता नसेल, तर उत्तर एकच: आत्ता निघा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मालकाला मात्र ते बद्धकोष्ठ वाटतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. कुंथणं दोन्हीकडे सारखंच दिसतं.

अशा फोनची एक यादी डोक्यात पक्की बसावी लागते. खोल छातीचा मोठा कुत्रा ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगलंय. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय. मांजराने लिलीचं पान किंवा फूल चावलंय. कुत्र्याने मनुका किंवा झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगम खाल्लंय. मांजराला कोणीतरी मायेपोटी पॅरासिटामॉल दिलंय. यातल्या एकालाही उद्याची वेळ द्यायची नसते. वेष्टन सोबत आणा म्हणायचं, किती आणि केव्हा खाल्लं ते लिहून घ्यायचं आणि मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, हे बजावायचं.

आता मर्यादेचं. त्या बोक्याच्या मालकाला मी "लगेच आणा" म्हणते, "मूत्रमार्ग बंद झालाय" म्हणत नाही. रोग ओळखणं, औषध ठरवणं, शस्त्रक्रिया करणं हे डॉक्टरांचं काम. बऱ्याच देशांत पशुवैद्यकीय नर्स किंवा टेक्निशियन ही असिस्टंटच्या वरची, वेगळी पात्रता असते. तिचा अभ्यास लांब, परीक्षा आणि नोंदणी वेगळी. पण मालकाला या पायऱ्यांशी काय करायचंय? "तुम्ही रोज बघता, तुम्हीच सांगा ना, मागच्या वेळची गोळी अर्धी देऊ का?" उत्तर ओठावर आलेलं असतं, आणि बहुधा ते बरोबरही असतं. तरी गिळायचं आणि म्हणायचं, "डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत फोन करते." आणि दहा मिनिटांत खरंच करायचा.

आतल्या कामात सगळ्यांना इंजेक्शनचं अप्रूप. तुमच्या वाट्याला येतं ते धरणं, आणि ती स्वतंत्र विद्या आहे. पुढच्या पायातून रक्त घ्यायचंय समजा. कुत्र्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. एक हात हनुवटीखालून घालून डोकं आपल्या खांद्याशी घ्यायचं, म्हणजे तोंड सुईपासून लांब राहतं. दुसरा हात त्याच्या अंगावरून पलीकडे नेऊन कोपरामागे लावायचा, पाय पुढे ढकलायचा, अंगठा कोपराच्या वळणावर दाबून किंचित बाहेर फिरवायचा. शीर टरारून वर येते. रक्त घेताना अंगठा तसाच ठेवायचा. औषध सोडायचं असेल, तर सुई शिरेत गेल्यावर डॉक्टर "सोडा" म्हणतात, तेव्हा फक्त अंगठा उचलायचा, पाय नाही. पाय सुटला की कुत्रं तो मागे ओढतं, शीर हातची जाते आणि डॉक्टर तुमच्याकडे बघतात.

मांजराचं गणित वेगळं. जितकं आवळाल तितकं ते बिथरतं. बास्केटचं वरचं झाकण काढून त्याला खालच्या अर्ध्या भागात बसू द्यायचं, वर टॉवेल टाकायचा, निम्मी तपासणी तिथेच उरकते. मानगूट धरून उचलायची जुनी पद्धत आता मागे पडत चालली आहे, आणि बरंच झालं.

आकडेही पाठ हवेत. कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. माणसाच्या हिशेबाने तो ताप, त्यामुळे नवी मुलं घाबरून धावत येतात. हिरड्या गुलाबी हव्यात आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. वजन दर भेटीला करायचंच, मालक कितीही म्हणोत की परवाच केलंय. औषधाची मात्रा किलोवर ठरते. शिवाय 5 किलोचं मांजर 4 किलोवर आलं तर त्याचा पाचवा हिस्सा गेला, आणि हे मालकाच्या आधी काट्याला कळतं.

लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत ठेवणं, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाखाली हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र), केरकचरा हे सगळं हात चालले की येतं. एक मात्र काउंटरवरच कळावं लागतं. लस न झालेलं पिल्लू उलट्या आणि रक्ताचे जुलाब घेऊन आलं, तर ते बाकीच्यांत बसवायचं नाही. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा झपाट्याने पसरणारा विषाणूचा आजार, असू शकतो. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. त्यांना गाडीतच थांबायला सांगायचं आणि थेट वेगळ्या खोलीत घ्यायचं.

शेवटचं इंजेक्शन द्यायला आणलेल्या जनावराचं काम कुठल्याच पुस्तकात नीट नसतं. संमतीची सही आणि पैसे आधी घ्यायचे, म्हणजे नंतर रडवेल्या माणसाला काउंटरवर उभं राहावं लागत नाही. गर्दीत बसवायचं नाही. आणि ते गेल्यावर, त्याच दिवशी, कॉम्प्युटरवरची नोंद बदलून पुढचे सगळे निरोप बंद करायचे. नाहीतर महिन्याभराने त्या घरी मेसेज जातो: तुमच्या लाडक्याची लस बाकी आहे.

कोर्स कुठला, हेही विचारता. शब्द, शरीररचना, औषधांची नावं ऑनलाइन शिकता येतात. धरणं येत नाही, म्हणून चालू दवाखान्यात प्रत्यक्ष कामाचे तास नसतील तो कोर्स मी घेऊ नका म्हणेन. फोनचा सराव घेतात का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी समोरचा गोंधळेल, पण विचारा. रेबीजची प्रतिबंधक लस रुजू व्हायच्या आधीच घ्या. तरीही चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी डॉक्टरांकडे जा. आणि दिवस गेलेले असतील तर पहिल्याच दिवशी सांगा, एक्स-रेच्या खोलीतली पाळी दुसऱ्या कोणाला तरी लावता येते.