झूम खोटा नाही, माशी खोटी आहे

'नेम धरला की झूम कसला होतो? दुर्बीण आहे का बंदुकीला?' सोलापुरात गेमिंग कॅफेत दुसऱ्या महायुद्धाचा गेम सुरू असला की ही तक्रार ऐकू येतेच. आधी हिशोब बघा की राव.

पार्क मैदानावर दीडशे मीटरवर उभा असलेला माणूस डोळ्याला स्वच्छ दिसतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर, ९० अंशांच्या दृश्यकोनात (स्क्रीनवर आडवं किती दिसतं तो कोन), त्याचे अर्धा मीटर रुंद खांदे जेमतेम ३ पिक्सेलांत मावतात. ३०० मीटरवर दीड! म्हणजे झूम स्क्रीनची उणीव भरून काढतो. दृश्यकोन ७० केला तर दीडशे मीटरवर साडेचार पिक्सेल मिळतात, पण आजूबाजूचं कमी दिसतं.

खरी गफलत वेगळीच आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. नेमबाज पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्पष्ट ठेवतो. मागची खाच आणि लक्ष्य दोन्ही थोडी धूसर होतात. गेममध्ये माशी आणि लक्ष्य दोन्ही लख्ख. ली-एनफिल्ड नंबर ४ या ब्रिटिश रायफलीच्या, नेम धरायच्या मागच्या छिद्राची कडा डोळ्याजवळ असल्याने जवळपास विरघळते, गेममध्ये मात्र ते जाडजूड कडं अर्धं दृश्य झाकतं.

कार९८के या जर्मन रायफलीच्या गोळीला ३०० मीटर कापायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. आडवा पळणारा तेवढ्यात दोनेक मीटर सरकतो. नेम त्याच्या पुढे धरा. खालीवर चुकत असेल तर मागच्या साइटवर (नेम धरायच्या खाचेवर) लावलेलं अंतर तपासा. 'रेड ऑर्केस्ट्रा २' या गेममध्ये ते बदलता येतं.