ग्लेनफिडिक १२ची पारख, सारख्या तीव्रतेवर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील आपल्यापैकी अनेकांनी सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच भट्टीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीचा, श्रीगणेशा बंगळुरूच्या अमृतपासून किंवा गोव्याच्या पॉल जॉनपासून केला. त्यामुळे पुढे कधी स्कॉटलंडच्या ग्लेनफिडिकची बारा वर्षे मुरवलेली बाटली उघडली, की पहिल्याच घोटाला ‘पाणचट आहे’ असा शेरा बहुधा ठरलेला असतो. हा शेरा मला घाईचा वाटतो. अमृतचा मूळ सिंगल माल्ट ४६ टक्के अल्कोहोलचा आहे, तर ग्लेनफिडिक १२ ही ४० टक्क्यांची, म्हणजे स्कॉच व्हिस्कीसाठी कायद्याने ठरवलेल्या किमान मर्यादेवरची. शिवाय बंगळुरूच्या हवेत मुरत ठेवलेल्या लाकडी पिंपातून वर्षाला साधारण १० ते १२ टक्के मद्य उडून जाते आणि स्कॉटलंडच्या थंडीत सुमारे २ टक्केच जाते. साहजिकच तिकडे सारे काही सावकाश मुरते आणि लाकूड हलक्या हाताने उतरते.

म्हणून या खेपेस दोन्ही व्हिस्की एकाच तीव्रतेवर आणून पारखल्या. अमृतच्या ३० मिलिलिटरमध्ये साडेचार मिलिलिटर पाणी घातले की ती बरोबर ४० टक्क्यांवर येते. हे पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजावे, कारण चमच्याचा अंदाज इथे कामाचा नाही. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असतो, तेव्हा ते उकळून, स्टीलच्या भांड्यात उघडे ठेवून गार केलेले बरे. दोन्ही पेले सारख्याच घडणीचे, तोंडाशी निमुळते घेतले. ते घरातल्यांनी भरले आणि कोणत्या पेल्यात काय आहे हे मला शेवटपर्यंत सांगितले नाही. वेळ पावसाळी संध्याकाळची निवडली. एप्रिल-मेच्या उकाड्यात पेल्यातून अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते आणि नाजूक वास तिच्याखाली दबतात, म्हणून हलक्या माल्टची पारख मी आता पावसाळ्यात आणि थंडीतच करतो.

सर्वाधिक वेळ वासाला दिला. शेजारी वाट्यांत नासपतीची साल, मध, जायफळाची पूड आणि मोड आणून, वाळवून दळलेले नाचणीचे सत्त्व ठेवले होते. एका पेल्यात नासपती इतकी स्पष्ट होती की साल हुंगून परत पेल्याशी आल्यावर फक्त एवढाच फरक जाणवला, की पेल्यातले फळ अधिक पिकलेले आहे. थोड्या वेळाने त्यामागून धान्याचा गोडसर, कोरडा वास आला, अगदी नाचणीचे सत्त्व भाजायला घेतल्यावर पहिल्या मिनिटाला येतो तसा. धान्य वेगळे असले तरी मोड आणून वाळवण्याची क्रिया तीच, त्यामुळे हे साम्य मला योगायोगाचे वाटत नाही. सोबत निपाणीचे एक ज्येष्ठ स्नेही होते, ज्यांचा जन्म तंबाखूची पाने हुंगून प्रत ठरवण्यात गेला. मी सलग हुंगत राहिलो तेव्हा ते म्हणाले, “नाक दमतंय बघा, जरा उसंत द्या त्याला.” स्वतःच्या बाहीचा वास घेऊन नाक पूर्वपदावर आणण्याची त्यांची रीत आपण सर्वांनी उचलावी अशीच आहे.

जिभेवर आधी दुधाळ गोडवा येतो, मग सफरचंद आणि शेवटी पिंपाच्या ओक लाकडाची हलकी तुरट कड. दुसऱ्या पेल्यात मसाला आणि लाकूड पुढे होते, मात्र तीव्रता उतरल्यावर त्याचा दरारा बराच ओसरला होता. पेले उघड झाल्यावर नासपतीचा पेला ग्लेनफिडिकचाच निघाला. फळाचा स्वच्छपणा हा तिचा खरा गुण आहे आणि १८८७च्या नाताळात डफटाउनला पहिली धार काढणाऱ्या या भट्टीने तो तिच्या सर्वांत साध्या बाटलीतही राखला आहे, असे माझे ठाम मत झाले.

उणीव आहे ती शेवटात. घोट गिळल्यावर चव लवकर विरते. ड्रॉपरने चार-पाच थेंब पाणी घातले तर नासपती क्षणभर फुलते, पण त्यापुढे गेले की जिभेवरचा दुधाळपणा तुटतो. सोडा आणि बर्फ तर पारखीच्या वेळी दूरच ठेवावेत. रंगाला मी गुण देत नाही, कारण स्कॉचमध्ये साधा कॅरामेल रंग घालण्यास कायद्याची मुभा आहे.

प्रत्येकी २५ पैकी वासाला २१, चवीला २०, शेवटाला १७ आणि तोलाला २२, असे एकूण ८० गुण मी देतो. नवख्याने पहिली स्कॉच म्हणून ही जरूर घ्यावी, मात्र तिच्या आधी त्याच बैठकीत ४६ टक्क्यांचे काही पिऊ नये. पुढची पारख ग्लेनलिव्हेट १२ या दुसऱ्या स्कॉचची, याच मापाने आणि याच वाट्या शेजारी ठेवून करणार आहे.