तळ लागला म्हणे!

ड्रिलरचा फोन सकाळी सातच्या आत आला की समजायचं, एक तर रॉड अडकलाय, नाहीतर भोक बंद करून मशीन हलवायची घाई आहे. त्या दिवशी दुसरं होतं. "पांढरा दगड आलाय, डोलोमाइट. तळ लागला," म्हणाला.

मोकोपाने हे दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातलं गाव. बुशवेल्डच्या उत्तर पट्ट्यात प्लॅटरीफ नावाचा प्लॅटिनम-पॅलॅडियमचा थर आहे, त्याचे कोअर, म्हणजे ड्रिलने भोकातून काढलेले दगडाचे लांब दंडगोल, तपासायचं माझं काम. बुशवेल्ड म्हणजे सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालीच थिजलेला शिलारस, थरावर थर, सात ते नऊ किलोमीटर जाडीचा. आमच्याकडे तो थेट जुन्या गाळाच्या खडकांवर टेकलाय. त्यामुळे पायरॉक्सेनाइट (शिलारसातून बनलेला, पायरॉक्सिन खनिजाचा काळपट खडक) संपून डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा गाळाचा खडक) आला की प्लॅटरीफ संपली, मशीन उचला, असा सरळ हिशोब. मीटरमागे पैसे मोजणाऱ्या ऑफिसला तर तो फारच प्रिय.

शेडमध्ये पेट्या लावून कोअर ओला केला. वरच्या पेटीत काळपट तपकिरी पायरॉक्सेनाइट, त्यात पायरोटाइट या लोखंडाच्या सल्फाइडचे कांस्यरंगी ठिपके आणि अधूनमधून चाल्कोपायराइट या तांब्याच्या सल्फाइडचा पिवळा कण. मग वीतभर हिरवट, भरड पायरॉक्सिन. आणि त्याखाली एकदम फिकट राखाडी दगड, सर्पेंटाइन खनिजाच्या हिरव्या रेघा तिरप्या गेलेल्या. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. साध्या डोलोमाइटवर थंड आम्ल जेमतेम बुडबुडे काढतं, पूड करावी लागते. इथे सोड्याची बाटली फोडल्यासारखं फसफसलं. म्हणजे मूळच्या डोलोमाइटातलं मॅग्नेशियम सिलिकाशी जुळून ऑलिव्हिन आणि डायोप्साइड या खनिजांमध्ये गेलं होतं, मागे कॅल्साइट उरलं होतं. दगड चांगलाच भाजून निघाला होता.

पण तळाचा डोलोमाइटही शिलारसाला टेकून असाच भाजतो, तेव्हा आम्लाने तळ की आतला तुकडा हे ठरत नाही. मला खटकत होतं ते वेगळंच. शेजारच्या भोकात तळ यापेक्षा शंभरेक मीटर खाली लागला होता आणि मधे भ्रंश, म्हणजे खडक तुटून वरखाली सरकल्याची भेग, असल्याची कुठे खूण नव्हती. ऑफिसशी फोनवर बरीच हुज्जत घातली. शेवटी आणखी तीस मीटरची परवानगी मिळाली, तीही 'एवढंच' अशा सुरात.

संध्याकाळी बावीसेक मीटर पांढरा दगड संपला आणि पुन्हा पायरॉक्सेनाइट सुरू झाला, सल्फाइडसकट. ड्रिलरने काही न बोलता मला थम्सअप दाखवला. त्याच्याकडून एवढी दाद म्हणजे खूपच.

आता हा परका दगड शिलारसाच्या पोटात गेला कसा? पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे छत ढासळलं आणि तुकडे खाली पडले. पूर्व ग्रीनलंडच्या स्केरगार्डमध्ये, अशाच एका थिजलेल्या शिलारसाच्या साठ्यात, तसं झालेलं दिसतंही. छताचे मोठमोठे ठोकळे तिथे तळावर येऊन बसलेत, त्यांच्या वजनाने खालचे थर दबलेत आणि नंतरचे थर त्यांच्यावरून लपेटून गेलेत. आपल्याकडे धुळे-नंदुरबारच्या काही डाइकमध्येही (खडकांच्या भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींमध्ये) खोलवरच्या खडकांचे तुकडे सापडतात, पण तिथे वर येणाऱ्या शिलारसाने ते सोबत ओढून आणलेत. अशा तुकड्यांची डोक्याची बाजू कुठली, हे कोण सांगणार!

आमच्या तुकड्याच्या तिरप्या रेघा मात्र कोअरच्या अक्षाशी जो कोन करत होत्या, तोच कोन शेजारच्या भोकात तळाच्या डोलोमाइटचे थर करत होते. कोअर बॅरलमध्ये फिरतो, त्यामुळे नुसत्या कोनावरून उताराची दिशा कळत नाही. पण पलीकडच्या एका जुन्या भोकातही, उतार धरून जिथे यायला हवा बरोबर तिथेच, असाच पातळ पट्टा नोंदलेला होता. निखळून गटांगळ्या खात आलेला दगड इतका शिस्तीत बसत नाही.

माझं मत असं की हा तुकडा पडलाच नाही, तो मूळच्याच जागी आहे. शिलारस एका मोठ्या रिकाम्या पोकळीत भरला गेला नाही. तो गाळाच्या थरांमधल्या फटींतून पत्र्यासारखा शिरला, मग दुसरा पत्रा त्याच्या खालून किंवा वरून, आणि दोन पत्र्यांच्या मधे डोलोमाइटची लादी अडकून राहिली. माझा एक सहकारी हे मानत नाही. मोठी चपटी लादी सावकाश बुडाली तर आडवीच टेकेल, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पण मग दोन्ही भोकांत ती हिशोबाने एकाच पातळीला कशी, यावर तो विषय बदलतो.

दुसरीकडे, लादी जागची हलली नसली तरी तिने शिलारसाला शांत बसू दिलेलं नाही. डोलोमाइटच्या वजनात जवळपास ४८ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तापल्यावर तो सुटतो आणि शेजारच्या शिलारसाची रसायनं बिघडवतो. म्हणून अशा तुकड्यांच्या काठाचे नमुने मी नेहमीच्या मीटरभर अंतराऐवजी अर्ध्या मीटरने कापायला सांगतो. लॅबचं बिल वाढतं म्हणून कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

त्या रात्री लॉगमध्ये 'तळ' खोडून 'कॅल्क-सिलिकेट झेनोलिथ', म्हणजे शिलारसात अडकलेला भाजका परका दगड, असं लिहिलं. पुढच्या भोकांच्या आराखड्यात 'डोलोमाइट लागताच थांबा' ही ओळ जाऊन 'डोलोमाइटमध्ये किमान पन्नास मीटर' अशी ओळ आली. खरा तळ अखेर लागला तो शेजारच्या भोकातल्यापेक्षा जरा खालीच.