पंख्यात अडकलेला ऑक्टोबर

बोटीच्या इंजिनाचा आवाज बदलला की समजायचं, पानं अडकली. एरवी ते एका सुरात डुगडुगत असतं. गावाकडचं डिझेल इंजिन लांबच्या मळ्यात चालल्यासारखं. मग एकदम घसा बसतो. मागून काळा धूर येतो, पाणी नुसतं खदखदतं आणि बोट काही पुढे सरकत नाही. पाण्याखालच्या पंख्याला पानांचा लगदा चिकटलेला असतो. आधी गिअर न्यूट्रलला आणायचा, क्षणभर थांबायचं, आणि रिव्हर्सचा एक जोराचा हिसका द्यायचा. पाठीमागे चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी भसकन वर येतं, आणि पुन्हा डुगडुग सुरू. पुढच्या वळणावर झाडांची रांग लागली की परत तेच. एका दिवसात हे मी सोळा वेळा केलं. सतराव्या वेळी नवऱ्याच्या हातात सुकाणू दिलं आणि चहा करायला खाली गेले.

इंग्लंडमध्ये राहून मला अठरा वर्षं झाली, म्हणजे अठरा पानगळी पाहून झाल्या. गाडीतून पाहिल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिल्या, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. ऑक्टोबर म्हटलं की ज्यांच्या अंगाची लाही होते, त्या माझ्या बहिणींनी दरवर्षी न चुकता 'कित्ती सुंदर' म्हटलं. पडलेल्या पानांचं पुढे काय होतं याच्याशी आमच्यापैकी कुणालाच देणंघेणं नव्हतं. नगरपालिकेची गाडी येते आणि घेऊन जाते, एवढंच माहीत.

झालं असं, की माझी लायब्ररीतली मैत्रीण निवृत्त झाल्यावर घर विकून नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या लांब, अरुंद बोटीवर राहायला गेली. यंदा सप्टेंबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोट ऑक्सफर्डजवळ थ्रपला, आणि हिवाळ्यापुरती जागा ठरवलेली ब्रॉन्स्टनला. नोव्हेंबरपासून कालव्यांवर डागडुजी निघते. ठिकठिकाणची लॉक, म्हणजे बोट चढवायच्या-उतरवायच्या पाण्याच्या खोल्या, बंद करून ओकचे जुने दरवाजे काढतात, नवे बसवतात. त्यात सापडलं की बोट अडकली. शिवाय कायमचा धक्का नसलेल्या बोटीला एका जागी १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही. कुणीतरी बोट न्यायला हवी होती. आम्ही दोघं तिच्याबरोबर दोन उन्हाळे फिरलेलो, दोघंही रिकामटेकडे. पन्नासेक मैल. गाडीने तासाभराचा रस्ता. आम्हाला साडेतीन आठवडे लागले.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आगं, मग पाटात ऱ्हाताय की काय तुम्ही? घर इकलं का?"

तिचंही बरोबर होतं. आम्ही बारामतीकडचे, नीरा डाव्या कालव्याच्या काठचे. कॅनॉल म्हणजे आमच्या लेखी पाणी. आवर्तन सुटलं का, किती दिवस चालणार, टेलपर्यंत पोचणार का, पाटकरी काय म्हणतोय. त्यात म्हशी बसतात, पोरं सूर मारतात, बायका गोधड्या धुतात. त्यात राहायला जातात हे आईला कसं पटावं? मी तिला समजावलं की इकडचं पाणी शेताला नाही, बोटी चालवायला साठवलंय. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एवढं पाणी नुसतं उभं?"

आमची बोट ५० फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. एसटीपेक्षा लांब आणि एसटीपेक्षा अरुंद. ही रुंदी कुणाच्या आवडीनं ठरलेली नाही. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने अठराव्या शतकात इकडची लॉक साधारण ७ फूट रुंदीची ठरवली, आणि बोटी आजतागायत त्या मापात आहेत. ब्रिंडलीला लिहिणं-वाचणं जेमतेम येई. अवघड प्रश्न आला की तो सरळ अंथरुणात जाऊन पडायचा आणि उत्तर घेऊनच उठायचा म्हणतात. आम्ही चाललो होतो तो ऑक्सफर्डचा कालवा त्यानेच आखला, पण १७७२मध्ये तो गेला आणि कालवा ऑक्सफर्डला पोचला १७९०मध्ये.

ब्रिंडलीला डोंगर फोडायला आवडत नसे. जमिनीची उंची धरून, वळसे घेत तो कालवा नेई. आमचा नीरेचा कालवाही तसाच टेकडीच्या कमरेने जातो, म्हणून मला तो माणूस लगेच ओळखीचा वाटला. क्लेडनची लॉक चढून वर गेलं की ११ मैल एकही लॉक नाही. पण हे ११ मैल सरळ रेषेत मोजले तर निम्मेही भरत नाहीत. वर्मलीटन गावाभोवती कालवा असा फिरतो, की सकाळी डाव्या हाताला दिसलेलं झाड जेवणाच्या वेळी उजव्या हाताला. नवरा नकाशा उलटासुलटा करून बघत होता. मी म्हटलं, "अरे, बैल पाण्याला नेताना सरळ नेतात का?" त्याला काही कळलं नाही, तो दादरचा.

वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. बांधलेल्या बोटींवरून जाताना त्याहूनही कमी, नाहीतर आतल्या माणसाच्या कपातला चहा सांडतो आणि तो खिडकीतून डोकं काढून सुनावतो. काठावरून पळायला निघालेली माणसं आम्हाला मागे टाकून जात. एक आजीबाई कुत्र्याला घेऊन अर्धा मैल शेजारून चालल्या. तेवढ्या वेळात त्यांच्या सुनेबद्दल बरंच समजलं.

आता लॉकबद्दल. बोटीला पाण्याची पायरी चढवायची किंवा उतरवायची खोली म्हणजे लॉक. एल आकाराचं लोखंडी हँडल असतं, विंडलास म्हणतात त्याला. जुन्या ट्रकला पुढून हँडल मारायचे तसं ते मारायचं, झडप उघडते, पाणी आत किंवा बाहेर. एका वेळेला लाखभर लिटरहून जास्त. हे आईला सांगितलं नाही. पाणी सारखं झालं की दरवाजाच्या लांबलचक लाकडी दांड्याला कंबर लावून, पाय रोवून, उलटं चालत ढकलायचं. हाताने ढकलणारा माणूस नवखा, हे लांबूनही ओळखता येतं. पाय रोवायला जमिनीत विटांच्या पट्ट्या काढलेल्या असतात, आणि ऑक्टोबरात नेमकी त्यांच्यावर ओली पानं. मी दोनदा बसले. त्यातून दरवाजा पूर्ण उघडत नाही, कारण त्याच्यामागेही पानं आणि फांद्या कोंबलेल्या. ७ फुटांच्या खोलीत ६ फूट १० इंचांची बोट घालायची तर इंचभर पानगळसुद्धा परवडत नाही. मग लांब काठीला हूक लावून उपसा. हे सगळं चालू असताना पुलावर चार माणसं हाताची घडी घालून उभी. अशा बघ्यांना इकडे 'गोंगूझलर' असा खास शब्द आहे. आपल्याकडे जेसीबीभोवती जमतात तेच हे लोक.

बॅनबरीत इंजिनाचा घसा बसला तो रिव्हर्सलाही बधेना. मग मागचं झाकण उघडावं लागलं. इंजिन बंद करायचं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची (दुसऱ्याच्या नाही, नवरा-बायकोच्या तर नाहीच), झाकणाची पकड सोडवायची, पोटावर पडायचं आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात. पाण्याचा गारठा आधी हाडाला लागतो, कातडीला नंतर. बोटांना पंख्याचं पातं लागतं, मग बुळबुळीत काहीतरी, मग काहीतरी केसाळ. मी किंचाळले. बाहेर आली स्वेटरची बाही. निळी, हाताने विणलेली, मनगटाशी दोन उलट दोन सुलट. तिच्याभोवती पानं अशी घट्ट वळली होती, की बाही कुठे संपते आणि पानं कुठे सुरू होतात ते कळेना. ब्रेडच्या सुरीने कापून काढली.

तिथून जवळच टूली यांचं जुनं बोटकाम आहे, १७९०पासूनचं. आता त्याला शॉपिंग सेंटरने वेढलंय. टॉम रोल्टने १९३९मध्ये 'क्रेसी' नावाची आपली बोट तिथेच राहण्याजोगी करून घेतली आणि बारा वर्षं तिच्यावर संसार केला. कालवे बुजू नयेत म्हणून १९४६मध्ये जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांपैकी तो एक. संसार म्हणजे त्याचा त्यातल्या त्यात ऐसपैस. त्याआधीच्या माल वाहणाऱ्या कुटुंबांना अख्ख्या ७० फुटी बोटीतली मागची १० फूट बाय ७ फूट खोली मिळायची, बाकी सगळा कोळसा. त्यात नवरा, बायको, पोरं, चूल आणि भिंतीवर रंगवलेले गुलाब नि किल्ले. पुढे घोडा. पुलांच्या कोपऱ्यांवर त्या घोड्यांच्या दोरांचे चरे अजून आहेत. आमच्या विहिरीच्या थारोळ्याला होते तसेच, हाताचं बोट बसेल इतके खोल. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि मालवाहतुकीचा उरलासुरला धंदाही बसला.

संध्याकाळचा कारभार शेगडीचा. ओतीव लोखंडाची छोटी शेगडी, काचेचं दार, वर धुराडं. आजीच्या बंबाशी जिची दोस्ती होती त्या मुलीला हे काय अवघड, असं म्हणून मी ते खातं घेतलं आणि पहिल्या तीन रात्री पहाटे कुडकुडत उठले. बिनधुराचे अंड्याएवढे कोळसे असतात. झोपताना किती घालायचे, खालची हवेची चकती किती फिरवायची, याचा अंदाज रोज वेगळा. हवा जास्त झाली तर रात्री दोनला रान पेटल्यासारखं उकडतं, कमी झाली तर सकाळी राख. छपरावरचे झरोके मात्र कितीही थंडी वाजली तरी बुजवायचे नाहीत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते रोज बटण दाबून बघायचं. ही मैत्रिणीची एकमेव सक्त ताकीद. सकाळी खिडक्या आतून घामेजलेल्या. पहिलं काम फडक्याने काचा पुसून ते पिळायचं; तांब्याभर पाणी सहज निघे. दोन माणसांनी रात्रभर श्वास घेतला त्याचं ते पाणी, हे कळल्यावर मला जरा कसंसंच झालं.

पाण्याची टाकी, गॅसची बाटली, बॅटरी, कोळसा, सगळ्यावर एक कान. ऑक्टोबरच्या उन्हाला छपरावरचं सोलर पॅनल भीक घालत नाही, म्हणून इंजिन चाललं तरच फोन चार्ज. संडासाची पेटी भरली की ती नेऊन रिकामी करणं नवऱ्याकडे होतं. त्याबद्दल तो बोलत नाही, मीही बोलत नाही.

कोजागरी क्रॉप्रीडीला आली. शेगडीवर दुपारपासून दूध ठेवलं होतं. तसं आटीव दूध मी गॅसवर आजवर केलेलं नाही. कडेची साय खरवडायची, आत सोडायची, तीन तास. केशर नव्हतं, जायफळ होतं. चंद्र काही आला नाही. धुकं इतकं, की शेजारच्या बोटीचा दिवाही विरघळलेला. तिथल्या काकांना कपभर नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, चंद्र. ते म्हणाले, जरा जास्त गोड आहे.

दुसऱ्या दिवशी तेच काका वेताची टोपली घेऊन आले, ब्लॅकबेरी आता तोडू नका सांगायला. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणानंतर सैतान त्यांच्यावर थुंकतो म्हणे. स्लो नावाची निळी कडू फळं मात्र खुशाल तोडा, ती जिनमध्ये मुरवतात. आम्ही पातेलंभर तोडली आणि मी निम्म्यांचं लोणचं घातलं. ते कुणी खाल्लेलं नाही.

मग नेपटन. टेकडीवर पवनचक्की, खाली नऊ लॉक उतरत गेलेली. उतरताना बोटीचं बूड मागच्या उंबऱ्यावर टेकू द्यायचं नसतं, नाहीतर पाणी खाली जातं आणि बोट तिथेच टांगलेली राहते; म्हणून माझं सगळं लक्ष मागे. विंडलास कमरेच्या पट्ट्यात खोचलेला. मी पानं ढकलायला वाकले आणि बुडुक. एवढाच आवाज. पाण्यावरची पानं बाजूला झाली आणि पुन्हा मिटली.

मैत्रिणीचा तो लाडका विंडलास. नवऱ्याने दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक काढला (प्रत्येक बोटीवर असतो, म्हणजे हे नेहमीचंच) आणि काठावर बसला. तास गेला. एक गंजका विंडलास आला. आमचा नाही. मग सायकलची चेन. मग आणखी एक विंडलास, त्याला शिंपले चिकटलेले. तोही आमचा नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली. तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, "अगं, आपला वजनाला हलका होता ना?"

"हो. म्हणून तर तिला आवडायचा."

"चकचकीत?"

"हो."

त्याने दोरी गुंडाळायला घेतली. "ॲल्युमिनियमचा होता," तो म्हणाला.

ब्रॉन्स्टनला पोचलो त्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती. पाचच्या आत दिवस मावळलेला. मैत्रीण कुबडी टेकत धक्क्यावर उभी होती. तिने आधी इंजिन ऐकलं, मग छपरावरच्या कोळशाच्या गोण्या मोजल्या. मी घासूनपुसून, तेल लावून ठेवलेले दोन्ही विंडलास तिच्यापुढे धरले आणि काय झालं ते सांगितलं. तिने त्यातला एक हातात घेऊन तोलून बघितला, दाराशेजारच्या रिकाम्या खुंटीवर अडकवला, दुसरा मला परत दिला आणि विचारलं, लोणच्याचा वास येतोय तो कसला?