खट्, आणि मग बांग

पहाटेची अजान सुरू होण्याच्या क्षणभर आधी ‘खट्’ असा एक आवाज होतो. कुठल्याशा मशिदीत कुणीतरी ॲम्प्लिफायरचे बटण दाबलेले असते. त्यामागोमाग भोंग्यातून बारीक घुं-घुं ऐकू येते, माइकवर बोट आपटल्याचे दोन ठोके येतात आणि मग नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचे खाकरणे अख्ख्या वस्तीच्या डोक्यावरून जाते. त्या माणसाने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो, पण त्याला सर्दी झाली आहे की नाही, हे अर्ध्या शहराला कळून चुकलेले असते.

हे सारे मला ठाऊक झाले ते निद्रानाशामुळे. काही महिने झोप अशी माझ्याकडे फिरकतच नव्हती, आणि अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा गच्चीवर जाऊन बसलेले बरे, असे मी ठरवून टाकले होते. पहाटेची ही हाक माझ्यासाठी नव्हती. मी नमाज पढणाऱ्यांपैकी नाही, आणि ‘अस्सलातु खैरुम मिनन नौम’, म्हणजे ‘झोपेपेक्षा प्रार्थना बरी’, हे फक्त पहाटेच्याच अजानमध्ये येणारे वाक्य ज्याला झोपच येत नाही अशा माणसाला ऐकवण्यात तसा काही अर्थही नव्हता. तरीही दुसऱ्याला आलेले आमंत्रण आपण कान देऊन ऐकावे, तसा मी रोज ते ऐकत बसे.

सर्वांत आधी माझ्या लक्षात आले ते हे की, शहराची अजान अशी एक नसतेच. माझ्या गच्चीवरून पाच-सहा मशिदींचे आवाज येत, आणि त्यांपैकी कोणतेही दोन एका क्षणी सुरू होत नसत. दोन गल्ल्यांपलीकडच्या मशिदीतले ‘अल्लाहु अकबर’ चौथ्यांदा उच्चारले जात असताना उत्तरेकडची अजान पहिल्याच उच्चारावर असे. ती निम्म्यावर येते न येते तोच पुलापलीकडचे एक जाड, संथ गळ्याचे गृहस्थ सुरुवात करीत, आणि बाकी सगळे थांबल्यावरही त्यांची शेवटची ओळ एकटीच लांबत राही. मी मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजू लागलो. ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात, त्यामुळे दोन मुअज्जिनांनी, म्हणजे अजान देणाऱ्यांनी, ठरवून एकाच ठोक्याला तोंड उघडले असते, तरी मला ते मागेपुढेच ऐकू आले असते. पण माझ्या मोजणीत फरक कधी अर्ध्या मिनिटाचा, तर कधी दीड मिनिटाचा येई. त्याचे खापर ध्वनीच्या वेगावर फोडता येण्यासारखे नव्हते. कुणाचे घड्याळ पुढे, कुणाचे मागे. कुणी जिना भराभर चढणारा, कुणी गुडघे धरत चढणारा.

वास्तविक या वेळा ठरवण्यामागे फार काटेकोर विद्या आहे. पहाटेची वेळ सूर्य क्षितिजाच्या खाली साधारण 18 अंशांवर असताना धरतात, आणि हा कोन नेमका किती अंशांचा घ्यावा याबद्दलही निरनिराळ्या परंपरांत काही अंशांचा मतभेद आहे. दुपारनंतरच्या असरची वेळ सावलीच्या लांबीवरून काढतात. मोठ्या मशिदींत एके काळी हे गणित करण्यासाठी मुवक्कित नावाचा स्वतंत्र अधिकारी असे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हे काम करणारा इब्न अल-शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ होता आणि त्याने तिथल्या एका मिनारावर अत्यंत सूक्ष्म सूर्यघड्याळ बसवले होते. आज तेच गणित छापील तक्त्यात किंवा मोबाइलमध्ये तयार मिळते. एका शहरापुरता एकच तक्ता असतो, पण पृथ्वी काही शहराच्या हद्दी पाहून फिरत नाही. एक रेखांश ओलांडायला तिला 4 मिनिटे लागतात, म्हणजे पूर्वपश्चिम लांब पसरलेल्या शहराच्या दोन टोकांना पहाट खरोखरच मिनिटभर मागेपुढे होते. उंचीनेही फरक पडतो. 2011 मध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना सांगितले होते की, 80व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा सोडण्यासाठी 2 मिनिटे आणि 150व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी 3 मिनिटे अधिक थांबावे, कारण त्यांना सूर्य तेवढा वेळ जास्त दिसतो. एकाच इमारतीत संध्याकाळ जिन्याने वर चढत जाते, ही कल्पना मला फार आवडली.

आपल्या भाषेत अजानला ‘बांग’ म्हणतात, आणि कोंबडाही बांगच देतो. पुष्कळ दिवस मला वाटे की, या शब्दात थोडी चेष्टा असावी. पण बांग हा मुळात फारसी शब्द असून त्याचा अर्थ साधा पुकारा, मोठ्याने दिलेली हाक एवढाच आहे. पहाटे उठून तोंडाने हाक देणारे दोनच जीव आपल्या भाषेने पाहिले आणि दोघांनाही एकच शब्द देऊन ती मोकळी झाली. मला यात चेष्टेपेक्षा नेमकेपणा अधिक दिसतो.

कारण ही हाक तोंडानेच द्यायची, हा मुद्दामहून घेतलेला निर्णय होता. सातव्या शतकात मदिनेत लोकांना नमाजासाठी एकत्र कसे बोलवावे याचा विचार चालला होता, तेव्हा शिंग फुंकावे किंवा नाकूस नावाची लाकडी पट्टी वाजवावी अशा सूचना पुढे आल्याचे परंपरा सांगते. अखेरीस माणसाचा आवाज पसंत केला गेला. पैगंबरांचे एक सहकारी अब्दुल्ला इब्न झैद यांना स्वप्नात हे शब्द मिळाले, पण ते म्हणण्याचे काम मिळाले बिलाल यांना, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला होता. बिलाल मूळचे हबशी वंशाचे, गुलामगिरीतून सुटलेले. त्या काळी मिनार नव्हते. मशिदीजवळच्या एका उंच घराच्या छपरावर चढून ते हाक देत. ‘हय्या अलस्सलाह’, प्रार्थनेकडे या, म्हणताना मान उजवीकडे वळवायची आणि ‘हय्या अललफलाह’, कल्याणाकडे या, म्हणताना डावीकडे, ही रीत बिलालांपासूनची. दोन्ही बाजूंच्या वस्तीला हाक पोचावी, हा तिचा व्यवहार उघड आहे. गंमत अशी की, माइक आल्यावरही कित्येक मुअज्जिनांची मान त्या दोन ओळींना सवयीने वळतेच, आणि तोंड माइकपासून बाजूला गेले की दूरपर्यंत पोचण्यासाठी केलेल्या त्या हालचालीनेच नेमका आवाज बारीक होतो. दोन गल्ल्यांपलीकडच्या मशिदीत हे रोज होई. ‘हय्या’ मोठा येई, ‘अलस्सलाह’ खांद्याआड गेल्यासारखा. मला तो माणूस कधी दिसला नाही, पण त्याने मान केव्हा वळवली हे मला दर पहाटे दिसे.

शब्द मात्र दुरून कळत नाहीत. व्यंजने हवेत लवकर विरतात; पोचतात ते लांबवलेले स्वर. पुलापलीकडून माझ्यापर्यंत यायचा तो ‘आ’कारच, मधूनच ‘ऊ’ला टेकणारा. पहाटे तर तो आणखी लांबून येतो, कारण रात्रभर थंड झालेल्या जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते, आणि अशा हवेत वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी नेमके उलटे होते. जी मशीद दुपारच्या जुहरला आहे की नाही असे वाटावे, ती पहाटेच्या फज्रला उशाशी येऊन बसते. शिवाय अजान हे गाणे मानले जात नसले, तरी इस्तंबूलमध्ये पाच वेळांच्या अजानसाठी निरनिराळे मकाम, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरांच्या चौकटी, वापरण्याची जुनी परंपरा आहे. पहाटेची अजान ‘सबा’ मकामात म्हणतात आणि सूर्यास्तानंतरची ‘सेगाह’मध्ये. रागांच्या वेळा मानणाऱ्या माणसाला याचे नवल वाटू नये.

भोंग्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी लपवणार नाही. माइक आणि कर्णा मशिदीत येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत 1936 च्या अखेरीस अजानसाठी ध्वनिवर्धक लावला गेला, तो अगदी सुरुवातीच्यांपैकी मानतात. पत्र्याचा कर्णा आवाजाचा तळ खाऊन टाकतो आणि नाकातला भाग तेवढा पुढे करतो; ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की, चांगल्या गळ्याचीही किरकिर होते. जवळ राहणाऱ्या आजाऱ्याला, तान्ह्या बाळाच्या आईला त्याचा त्रास होतो हे नाकारण्यात शहाणपणा नाही, आणि हा त्रास सांगणारा प्रत्येकजण द्वेषाने बोलतो असेही नाही, तसा प्रत्येकजण निव्वळ झोपेसाठी बोलतो असेही नाही. सिंगापुरातच 1974 मध्ये भोंग्यांची तोंडे मशिदीच्या आत वळवली गेली आणि अजान रेडिओवरून ऐकवली जाऊ लागली. तोडगा म्हणून मला तो समंजस वाटतो. मात्र त्यात शहराची रुंदी ऐकू येत नाही, हेही खरे.

कैरोने दुसरा मार्ग धरला. हजार मिनारांचे शहर म्हणून ख्याती असलेल्या त्या शहरात जो तो आपापल्या वेळी आणि आपापल्या पट्टीत सुरू होतो, म्हणून गलका होतो, अशी तिथल्या सरकारची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून एकच मुअज्जिन रेडिओवरून अजान देईल आणि ती सर्व मशिदींतून एकदम ऐकू येईल, अशी योजना 2004 मध्ये जाहीर झाली आणि 2010 च्या रमजानमध्ये ती अमलात येऊ लागली. सुरेल गळ्याचा एक माणूस, शून्य सेकंद फरक. कागदावर यात काही खोट काढता येत नाही. पण गच्चीवर बसलेल्या माणसाला विचाराल तर, त्यात खाकरणे नाही, वळलेली मान नाही, आणि मुख्य म्हणजे अंतर नाही. मागेपुढे येणाऱ्या अजानमुळे मला अंधारात कळे की, उत्तरेकडे शहर कुठपर्यंत आहे, पुलापलीकडे ते किती पसरले आहे आणि नैर्ऋत्येला एक मोठी पोकळी आहे, जिथून काहीच येत नाही. तेच आवाज एका ठोक्यावर आणले तर शहर सपाट होऊन दारात येते.

माझी झोप हळूहळू परतू लागली होती, त्याच सुमाराची एक पहाट. मी गच्चीवर गेलो तेव्हाच वीज गेलेली होती. रस्त्यावरचे दिवे नव्हते, आणि रात्रभर खिडक्याखिडक्यांतून जी घरघर चालू असते, आणि जी चालू आहे हे ती थांबल्यावरच कळते, ती थांबली होती. वेळ झाली. ‘खट्’ झाले नाही. उत्तरेकडे काही नाही, पुलापलीकडे काही नाही. आणि मग दोन गल्ल्यांपलीकडून, छपरांच्या उंचीवरून नव्हे तर त्यांच्या मधून, एक उघडा आवाज आला. तो मी महिनोन्महिने ऐकलेलाच गळा होता, पण ओळखायला मला एक पूर्ण ओळ लागली. त्यात नाकातली धार नव्हती. तो खालच्या पट्टीतला, भरीव आणि मला वाटे त्यापेक्षा पुष्कळ वयस्कर होता. ‘हय्या अलस्सलाह’ला त्याने मान वळवली आणि आवाज या वेळी बारीक झाला नाही, तर मोठा झाला, तो उजवीकडे वळला असणार आणि त्याच्या उजवीकडे मी होतो. ‘हय्या अललफलाह’ला तो माझ्यापासून दूर, समोरच्या वस्तीकडे गेला.

‘अस्सलातु खैरुम’पर्यंत तो आला आणि वीज आली. दिवे लागले, भोंग्यात कडकड झाले, आणि ‘मिनन नौम’ एवढेच दोन शब्द अतिप्रचंड होऊन छपरांवरून निघाले. तो स्वतःच दचकला असावा. मध्येच थांबला, त्याचा श्वास साऱ्या वस्तीला ऐकू आला. मग त्याने तेच वाक्य पुन्हा घेतले, हळू, माइकपासून थोडा मागे सरून.

तेवढ्यात उत्तरेकडे ‘खट्’ झाले, आणि थोड्या वेळाने पुलापलीकडे.