आयनिक लिक्विड आणि मागणीपत्रातला तिसरा रकाना

बिगिनेली रिॲक्शन, म्हणजे तीन पदार्थ एकत्र तापवून एकच नवा पदार्थ करायची कृती, जमायला मला फारसा त्रास झाला नाही. त्यासाठी लागणारी आयनिक लिक्विडची एक बाटली कॉलेजच्या ऑफिसमधून पास करून घेताना मात्र उन्हाळा सरला आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. सांगली-मिरजेकडे कुणी याच विषयावर प्रोजेक्ट करत असेल तर उपयोग होईल.

आयनिक लिक्विड म्हणजे मीठच, पण १०० अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं. पॉल वाल्डेनने १९१४ मध्ये इथाइल अमोनियम नायट्रेटची नोंद केली, ते तर १२ अंशांच्या आसपासच वितळतं. हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडाझोलियमची (नायट्रोजन असलेल्या एका कड्याची) मिठं विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ साली दिली आणि मग सगळे त्यांच्या मागे लागले. मला त्यात बेन्झाल्डिहाइड, युरिया आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट एकत्र तापवायचं होतं. एरवी या रिॲक्शनला विरघळवायला (सॉल्व्हंट म्हणून) इथेनॉल वेगळं लागतं, रिॲक्शन घडवायला (रिएजंट म्हणून) ॲसिड वेगळं. इथे दोन्ही कामं एकच द्रव करतो. घोडं अडलं ते इथेच.

गाइड सरांनी मागणीपत्रावर लगेच सही केली. तिसरा रकाना होता 'प्रकार : सॉल्व्हंट / रिएजंट / ग्लासवेअर'. मी पहिल्या दोन्हींवर खूण केली.

"मॅडम, एकावरच टिक करायची," ऑफिसमधले भाऊसाहेब म्हणाले. "सॉल्व्हंटचं खर्चाचं हेड येगळं, रिएजंटचं येगळं."

"पण हे दोन्ही आहे."

"दोन्ही कसं आसंल? आन् लिक्विड म्हणताय तर ग्रॅमवर का मागवताय?"

कंपनी वजनावरच विकते, माल काकवीसारखा दाट असतो, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फॉर्म परत दिला. सॉल्व्हंटवर खूण करून पाठवला, तर शेरा आला की दर इथेनॉलच्या कितीतरी पट आहे, कारण द्या. कारण म्हणून लिहिलं, 'हा द्रव परत मिळवून पुन्हा वापरता येतो.' त्याने आगीत तेल ओतलं. संपत नाही ती वस्तू कन्झ्युमेबल (वापरून संपणारी) कशी, असा नवा प्रश्न आला आणि फाइल डेड स्टॉकच्या टेबलावर गेली. तिथल्या रजिस्टरात कपाटं, पंखे, वजनकाटे असतात. माझं पंचवीस ग्रॅम मीठ त्यांच्या रांगेत बसणार होतं!

एवढ्यात कोटेशनची मुदत संपली. नवीन मागवली तर एका डीलरने ९७ टक्के शुद्धतेचा दर दिला, दुसऱ्याने ९८ टक्क्यांचा. तुलनात्मक तक्ता होईना, कारण 'वस्तू समान नाही'. (कोटेशन मागतानाच शुद्धता आणि पॅकिंग तुम्ही लिहून द्या. डीलरवर सोडू नका.)

शेवटी मी एक पानी टिपण जोडलं. १९८६ मध्ये विल्क्सच्या गटाने क्लोरोॲल्युमिनेट (ॲल्युमिनियम क्लोराइड घालून केलेल्या) आयनिक लिक्विडमध्ये फ्रीडेल-क्राफ्ट्स रिॲक्शन, म्हणजे एरवी ॲसिड वेगळं घालावं लागतं अशा रिॲक्शन, केल्या होत्या. त्यात ॲल्युमिनियम क्लोराइड मोलच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त घेतलं की तोच द्रव ॲसिडचंही काम करतो, हे लिहिलं. बीएएसएफ कंपनीची बेसिल पद्धत लिहिली. तिथे रिॲक्शनमध्ये सुटणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड १-मिथाइल इमिडाझोल पकडतं आणि तयार होणारं मीठ ७५ अंशांना वितळून वेगळा थर धरतं, त्यामुळे गाळत बसावं लागत नाही. टिपणाला इनवर्ड नंबर मिळाला. पुढे काही नाही.

पण मार्ग त्या टिपणातूनच निघाला. तयार आयनिक लिक्विड हवंच कशाला? मिथाइल इमिडाझोल साधा, मिलीवर मिळणारा, कुणालाही रिएजंट वाटेल असा द्रव आहे. सल्फ्युरिक ॲसिड तर स्टोअरमध्ये पडूनच होतं. दोन्ही मिसळलं की आयनिक लिक्विड आपलं आपणच तयार. नवीन मागणीपत्र विनातक्रार पास झालं. वर भाऊसाहेब म्हणाले, "आसंच आधी मागवायचं की, मॅडम." मी काही बोलले नाही.

कृती सोपी आहे. बर्फात ठेवलेल्या ८.२ ग्रॅम मिथाइल इमिडाझोलमध्ये ९.८ ग्रॅम तीव्र सल्फ्युरिक ॲसिड थेंब थेंब, ढवळत घालायचं. उष्णता जबरदस्त सुटते, घाई नको. हातमोजे हवेतच, दोन्ही द्रव कातडी जाळतात. नंतर ७० अंशांना व्हॅक्यूम देऊन पाणी काढायचं. स्वतः केलेलं ते चिकट, नितळ मीठ पाहून मला विकतच्या बाटलीची आठवणही राहिली नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. पण बिगिनेलीसाठी त्याचा बाऊ करू नका. त्या रिॲक्शनमध्ये प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू तसेही तयार होतात. रिॲक्शन झाली की बर्फाच्या पाण्यात ओतायचं, पदार्थ घट्ट होऊन खाली बसतो. इथेनॉलमधून स्फटिक घेतले की मेल्टिंग पॉइंट २०२ ते २०४ अंश यायला हवा. टीएलसी, एनएमआर या पदार्थाची शुद्धता आणि रचना बघायच्या चाचण्या सुरळीत झाल्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गाळलेलं पाणी उडवून मीठ परत मिळतं. मात्र उरलेला युरियाही त्याच पाण्यात जातो आणि दर फेरीला साचत राहतो. 'कितीही वेळा वापरा' हे पेपरात वाचायला छान वाटतं. 'ग्रीन सॉल्व्हंट' या बिरुदाचंही तेच. वाफ होत नाही म्हणजे विषारी नाही, असं कुणी सांगितलं?

टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्साफ्लुओरोफॉस्फेटची मिठं वापरणार असाल तर पाणी आणि उष्णता एकत्र येऊ देऊ नका. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड सुटतं, काच खातं, माणसालाही सोडत नाही. ब्रोमाइडपासून बदलून केलेलं मीठ असेल तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. गढूळ झालं तर ब्रोमाइड अजून आत आहे.

माझ्या ज्युनिअरला आता ट्रायइथाइल अमाइनपासून असंच मीठ करायचंय, ते आणखी स्वस्त पडतं. तिला बजावून ठेवलंय, मागणीपत्रात 'आयनिक' हा शब्द कुठेही येऊ देऊ नकोस.